घरात मरायचं नाही

मी नववीत होते त्या वर्षी माझे बाबा दोनदा मेले. एकदा दक्षिण कलकत्त्यातल्या एका भाड्याच्या सभागृहात आणि दुसऱ्यांदा डमडमला, आमच्या घरासमोरच्या मैदानात. तालमी धरल्या तर किती वेळा, याला गणती नाही. आणि दर वेळी त्यांना मारण्यात माझा हात होता.

बाबा विमानतळावरच्या हवामान कचेरीत होते. त्यांची नागपूरहून बदली झाली तेव्हा मी दुसरीत होते. सातेक वर्षांत माझ्या मराठीचं काय झालं असेल ते सांगायला नको. शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, बाजारात हिंदी, आणि मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. तीही आईशी बोलताना जरा सांभाळून, कारण आई सांगलीकडची आणि तिचे कान तिखट. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. त्यामुळे मी खेळून आले की दारातूनच ओरडायचे, आई, मला पाणी खायचंय. आई आतून म्हणायची, मग चावून खा.

शहरात मराठी घरं थोडी. काही आमच्यासारखी बदलीवर आलेली, काही तीन-तीन पिढ्या तिथेच मुरलेली. गणपतीच्या दिवसांत सगळी एकत्र यायची आणि मंडळाचं एक नाटक व्हायचं. नाटक म्हणजे फार्स, हे ठरलेलं. नवरा कपाटात लपणार, मामा गावाहून अवचित येणार. बाबा दर वर्षी नोकराचं काम करायचे. ते नुसते झाडू घेऊन रंगमंचावर आले तरी लोक हसायला लागायचे.

त्या वर्षी मात्र मंडळातल्या एका प्राध्यापकांनी नाटक आपल्याकडे मागून घेतलं. त्यांना सगळे सर म्हणत. जन्म कलकत्त्यातलाच, लग्न केलेलं नाही, मराठी पुस्तकांतून शिकलेले, त्यामुळे ते 'परंतु' आणि 'तथापि' बोलण्यातसुद्धा वापरायचे. तीस वर्षं एका कॉलेजात मुलांना ग्रीक शोकांतिका शिकवून ते आता निवृत्त होणार होते. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यभर इतक्या राजांची मरणं फळ्यावर लिहिली, एक तरी डोळ्यांनी बघू दे. नाटकही त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, त्या जुन्या ग्रीक वळणावर.

गोष्ट साधी होती. एका राजाला भविष्यवेत्ता सांगतो, तुझ्या पायाशी पाण्याचा झरा फुटेल त्या दिवशी तू मरशील. राजा घाबरतो. राज्यात विहिरी खणणं बंद करतो. लोक तहानेने हैराण होतात, राज्य ओस पडतं. शेवटी तो मुलीला घेऊन अशा वाळवंटात निघून जातो जिथे पाण्याचा थेंब नाही. तिथे आपण वाचलो असं त्याला वाटतं. पण मुलीला तहान लागते. तिचे प्राण कासावीस होतात तेव्हा राजा स्वतःच कुदळ घेऊन खणायला लागतो. पाणी लागतं. पहिली ओंजळ तो मुलीला पाजतो, दुसरी आपल्यासाठी भरायला वाकतो, तो पुन्हा उठत नाही.

राजाचं काम बाबांना मिळालं, कारण मंडळात तेच सगळ्यांत उंच होते आणि त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मुलीचं काम मला मिळालं, कारण त्या वयाची दुसरी मुलगी नव्हती. मला तीनच वाक्यं होती. शेवटचं होतं, "बाबा, मला पाणी प्यायचंय."

पहिल्याच वाचनाला मी, बाबा, मला पाणी खायचंय, असं म्हणाले. भविष्यवेत्त्याचं काम करणारे गृहस्थ हसता हसता खुर्चीवरून घसरले. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, ते हसून की दुःखाने, मला कळलं नाही.

तालमी आमच्याकडे व्हायच्या, पुढच्या खोलीत. पहिले दोन रविवार सगळं सुरळीत चाललं. आई पोहे करायची, चहा करायची आणि दारात उभी राहून ऐकायची. तिसऱ्या रविवारी शेवटचा प्रवेश आला. बाबा सतरंजीवर पडले आणि राजाचं शेवटचं भाषण म्हणायला लागले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, हे इथे नाही चालणार. वास्तू तथास्तु म्हणत असते. दिवेलागणीला माझ्या घरात कुणी मरायचं नाही.

बाबांनी समजावून पाहिलं. राजा मरतो, मी नाही, म्हणाले. आई म्हणाली, वास्तूला काय कळणार राजा कोण आणि तुम्ही कोण? आवाज तर तुमचाच ना?

त्यानंतर असं ठरलं की शेवटचा प्रवेश सरांकडे आणि बाकीचं सगळं घरात. बाबा एकट्याने मरायचा सराव बाहेर करायला लागले. आमच्या मागे एक तळं होतं, पाण्यावर जलपर्णी माजलेली, काठाला नारळाची झाडं. सकाळची पाळी नसली की बाबा तिथे जायचे, वही गवतावर उघडी ठेवायचे, हवेत कुदळ मारायचे आणि आडवे व्हायचे. बदकं जरा बाजूला सरकायची.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या. आम्ही मुलं त्यांना काकीमा म्हणायचो. त्या एका सकाळी तळ्यावर भांडी घासायला गेल्या आणि त्यांना काय दिसलं, तर बाबा छातीवर हात ठेवून गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर कलले आणि पडले ते पडलेच. काकीमा भांडी टाकून धावत आमच्या दारात आल्या. त्यांच्या बंगालीतलं आईला दोनच शब्द कळले, एक 'दादा' आणि दुसरा 'पडले'. आईचे हात कणकेने भरलेले. ती तशीच अनवाणी धावली. मी तिच्या मागे, माझ्या मागे काकीमा, आणि काकीमांच्या मागे कळेल तसे चार-पाच लोक.

बाबा गवतात पडले होते. डोळे मिटलेले. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने कणकेचा हात त्यांच्या गालावर ठेवला. बाबांनी डोळे न उघडता तिला हाताने थांबवलं आणि म्हणाले, "थांब जरा, अजून एक वाक्य राहिलंय."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. गल्ली मात्र पंधरा दिवस हसत होती. कचेरीतसुद्धा बातमी पोचली आणि कुणी विचारलं, आज पाऊस आहे का, तर त्यांचे सहकारी म्हणायचे, साहेब उठले की सांगतील.

बाबांना वाटलं होतं, अबोला सुटला की विषय संपला. पण पुढच्या रविवारी सर तालमीसाठी थोडे लवकर आले, तेव्हा आईने त्यांच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली आणि समोर बसली. एरवी ती अशी बसत नसे.

ती म्हणाली, भाऊजी, नाटक तुम्हीच लिहिलंय ना? मग राजाला वाचवा. पाणी लागल्यावर भविष्य खोटं निघालं म्हणायचं आणि बापलेकीने आनंदाने घरी यायचं. लोकांनाही बरं वाटेल.

सरांनी बशीतला चिवडा चिवडला. मग म्हणाले, "वहिनी, मी लिहिलं असलं तरी ते आता माझ्या हातात नाही. पडदा उघडायच्या आधीच त्याचं मरण ठरलेलं आहे. तो ते टाळायला जिकडे जिकडे पळेल, तिकडून रस्ता तिथेच जातो. आपण फक्त तो कसा चालत जातो ते बघायचं."

"मग बघायचं कशाला? शेवट माहीत असलेली गोष्ट कोण बघतं?"

"शेवट तर आपल्या सगळ्यांचाच माहीत आहे. तथापि रोज सकाळी उठून आपण चहा करतोच ना?"

"चहा मी करते," आई म्हणाली. "तुम्ही पिता."

सर हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग आईही हसली आणि तिने स्वतःहून माघार घेतली. पण एक अट घातली. राजा तहानलेलाच मरतो, हे तिला सर्वांत जास्त खुपत होतं. ती म्हणाली, मी विंगेत पाण्याचं फुलपात्र घेऊन उभी राहणार. पडदा पडला रे पडला की ह्यांनी उठायचं आणि माझ्या हातचं पाणी प्यायचं. मेकअप वगैरे नंतर.

सरांनी ती अट वहीत लिहून घेतली, अगदी रंगसूचना लिहावी तशी.

आईचं एवढ्यावर समाधान झालं, पण माझं काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई आणि सरांचं बोलणं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक विचार घर करून बसला. राजा मरतो तो भविष्यवेत्त्यामुळे नाही. मुलगी पाणी मागते म्हणून मरतो. ती गप्प बसली असती तर? तालमीत ते वाक्य आलं की माझी जीभ जड व्हायची. सगळ्यांना वाटायचं, मी 'खायचंय' आणि 'प्यायचंय' यांत अडकतेय. बाबा सरांकडून घरी येताना मला रस्त्यात दहा वेळा ते वाक्य म्हणायला लावायचे. त्यांच्या मरणाचं वाक्य ते मला शिकवत होते, आणि मधेच थांबून झालमुडीही, म्हणजे तिथली भेळ, घेऊन देत होते.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला ठेवला. त्या वर्षांत शहरात सारखी काहीतरी गडबड असायची आणि अंधार पडायच्या आत घरी पोचलेलं सगळ्यांना बरं वाटायचं. डमडमहून आमची अर्धी गल्ली बसने आली. काकीमा पहिल्या रांगेत बसल्या. मी त्यांना गोष्ट आधीच बंगालीत सांगून ठेवली होती, मराठी कळणार नाही म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की पडदा उघडला, बाबा मुकुट घालून सिंहासनावर बसलेले दिसले, सगळं राज्य सुखात होतं, आणि काकीमा पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मराठी मंडळींना वाटलं, बाईंचं काहीतरी दुखतंय. बाबांना बघून हसायला सवकलेले लोकही त्यांच्याकडे बघून गप्प झाले. सर नंतर म्हणाले, की त्या एका रडण्याने नाटक वाचलं, नाहीतर पहिल्याच प्रवेशात हशा पिकला असता.

मध्यंतरानंतर वाळवंट आलं. मी गोणपाटावर पडले होते, बाबा माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची कापसाची दाढी घामाने एका बाजूने सुटली होती. माझं वाक्य आलं आणि मी काही बोललेच नाही.

विंगेतून सरांनी हळू आवाजात ते सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. मला वाक्य आठवत होतं. पण वर बाबांचा चेहरा होता, आणि मला वाटलं, नाहीच म्हटलं तर काय होईल? पडदा पडेल आणि आम्ही घरी जाऊ. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी राजाचा आवाज सोडून आपल्या रोजच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "तहान लागलीय का बाळ?"

मी म्हणाले, "बाबा, मला पाणी खायचंय."

कुणी हसलं नाही. अर्ध्या सभागृहाला ते बरोबरच वाटलं आणि उरलेल्या अर्ध्याने श्वास रोखला होता. बाबा उठले, त्यांनी कुदळ घेतली आणि खणायला लागले. तीन घाव झाले. चौथ्याला पाणी लागायचं होतं. आत एक बँकेतले अधिकारी घंगाळात पाणी ओतायला भरलेली घागर घेऊन तयार होते. चौथ्या घावाला कुदळ वर गेली आणि वीज गेली.

भर दुपार असली तरी बंद सभागृहात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. वीज जाणं त्या काळी रोजचं होतं, तरी लोक 'हाय हाय' म्हणालेच. पंखे थांबले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. बाबा कुदळ वर धरूनच उभे असावेत, कारण खाली पडल्याचा आवाज आला नाही. ते पुटपुटले, हलू नकोस. मी हलले नाही. मनात म्हटलं, आता राजा वाचला. अंधारात कुणी मरू शकत नाही. आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला.

इतक्यात विंगेतून उजेड यायला लागला. आधी पिवळा डाग, मग एक हात, मग आई. रंगपटात अडीनडीला ठेवलेला कंदील तिने पेटवला होता. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात पाण्याचं फुलपात्र, अंगावर रोजची ताँतची सुती साडी. ती सरळ रंगमंचाच्या मध्यावर आली. मला वाटलं, ती बाबांना घरी न्यायला आलीय. पण तिने कंदील उंच धरला, बाबांच्या तोंडावर उजेड पडेल असा, आणि उभी राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चौथा घाव घातला. आत घागर रिकामी झाली. अंधारात तो पाण्याचा आवाज इतका मोठा वाटला की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. बाबांनी पहिली ओंजळ मला पाजली. भाषण म्हटलं, एकही शब्द न चुकता. दुसरी ओंजळ भरायला वाकले आणि पडले. कंदिलाबरोबर सगळ्यांच्या सावल्या हलत होत्या, पण आईने नजर वळवली नाही.

आता पडदा पडायला हवा होता. पण दोरीवरच्या माणसाला अंधारात दोरी सापडेना. आम्ही ऐकत होतो, तो इकडेतिकडे धडपडत होता. बाबा मेलेले, मी रडणारी, आई कंदील धरून उभी, आणि असा किती वेळ गेला देव जाणे. शेवटी आई खाली बसली. तिने कंदील बाजूला ठेवला, बाबांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "उठा आता. झालं. पाणी घ्या."

शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. आणि राजा उठला. उठून बसला आणि सगळ्यांसमोर गटागटा पाणी प्यायला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या वीज येऊन पंखे फिरायला लागले तरी चालूच होत्या.

सर विंगेत डोक्याला हात लावून बसले होते. त्यांची तीस वर्षांची शोकांतिका आईने एका फुलपात्रात बुडवली होती. तेवढ्यात एक वयस्कर बंगाली गृहस्थ त्यांना शोधत आत आले. नाटकवेडे असावेत. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, आजवर पुष्कळ शोकांतिका पाहिल्या, पण शेवटी नियतीला साक्षात आणायचं, तेही साध्या साडीत, आणि तिनेच मारून तिनेच पाणी पाजायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं. सरांनी एकदा आईकडे पाहिलं. मग त्यांनी नम्रपणे मान झुकवली आणि ते सगळं श्रेय घेतलं.

दाढीची दुसरी बाजू डिंकाने घट्ट चिकटलेली होती. ती निघेना, म्हणून बाबा तसेच बसमध्ये चढले. मुकुट मांडीवर. कंडक्टरने तिकीट मागताना विचारलं, राजामोशाय, कुठे जाणार? बाबा म्हणाले, डमडम. एका आजोबांनी उठून त्यांना जागा दिली. बाबांनी ती घेतली नाही, आईला दिली.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, तू कंदील का नेलास? तुला तर त्यांना मरू द्यायचं नव्हतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ते कुदळ वर धरून उभे होते. एवढी माणसं खोळंबली होती. तसंच अधांतरी किती वेळ ठेवायचं माणसाला?" मग तिने मला शेंगा सोलायला बसवलं.

मोठेपणी मी शोकांतिकेबद्दल पुष्कळ ऐकलं, थोडं शिकवलंही. तिच्या या उत्तराच्या पुढे मला फारसं जाता आलं नाही. वास्तूने तथास्तु म्हटलं नाही, हेही सांगून टाकते. बाबा निवृत्त झाले, पुण्यात राहिले, नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरले आणि खूप म्हातारे होऊन गेले.

कालीपूजेनंतर गल्लीतल्या मंडळींनी आग्रह धरला, की नाटक आमच्या मैदानात पुन्हा करा. मांडव होताच. बाबांनी भीतभीतच आईला विचारलं, म्हणाले, पुन्हा एकदा मरावं लागेल. आई म्हणाली, "मरा की. पण आधी जेवून घ्या."

त्या दिवशी ती विंगेत नव्हती. कंदिलाचं काम सरांनी आता लिहून भविष्यवेत्त्याला दिलं होतं. आई काकीमांच्या शेजारी सतरंजीवर बसली होती, दोघींच्या मधे मुडीचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, कागदी ठोंगा. काकीमा पहिल्या प्रवेशापासून रडत होत्या. मी गोणपाटावर पडल्या पडल्या माझं वाक्य म्हटलं, बाबांनी कुदळ उचलली, आणि खालून आईचा आवाज आला. तिच्या मोडक्या बंगालीत ती काकीमांना समजावत होती, आता बघा, आता चौथ्याला पाणी लागेल, मग मरतील. काकीमांनी नाक ओढलं आणि तिच्यापुढे ठोंगा धरला. बाबांची पाठ माझ्याकडे होती. हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी सावरून कुदळ वर उचलली.